एका घराला किती वॅटचे सोलर पुरते?



पाड्यावरच्या एखाद्या कुटुंबाला सौर दिव्यांचा संच द्यावा, असे अनेक मंडळ्यांच्या मनात असते. तरुण संघ त्यासाठी वर्गणी काढतो, महिला मंडळ खाऊचे स्टॉल लावून पैसे जमवते, कुणी वाढदिवसाच्या खर्चातून रक्कम बाजूला ठेवतो. मग विचारणा होते, “एका घराला किती वॅटचे सोलर लागते?” उत्तरात एकच आकडा हवा असतो, कारण दुकानदारही एकच आकडा सांगतो: चाळीस वॅट, शंभर वॅट, एक किलोवॅट.

तो आकडा कसा ठरतो आणि पॅनलवर छापलेल्या आकड्याचा खरा अर्थ काय, हे या लेखात सोप्या हिशोबाने मांडत आहे. थोडे गणित आहे, पण ते सातवीतल्या मुलालाही जमेल असे आहे. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या माणसाचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. सौर संचाचेही तसेच आहे. हिशोब आधी करावा लागतो; छपरावर पॅनल चढल्यावर करून उपयोग नसतो.

चुकीच्या मापाचा संच काय करतो

सातपुड्यात धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत पाड्यांची घरे एका ओळीत नसतात. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, डोंगराच्या उतारावर. दोन घरांमध्ये ओहोळ, कधी अर्धा डोंगर. अशा ठिकाणी तारेची वीज उशिरा पोहोचते, आणि पोहोचली तरी पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की कित्येक दिवस अंधार असतो. तिथे घरातला एक दिवा म्हणजे पोरांचा अभ्यास, चुलीपुढे बसलेल्या बाईची सोय, ओट्यावर साप-विंचू दिसण्याची खात्री, आणि अडलेल्या बाळंतिणीला रात्री खाटेवरून खाली न्यायचे असेल तर फोन चार्ज असण्याचा भरवसा.

संच लहान पडला तर उन्हाळ्यात सगळे छान चालते. आषाढात दिवे मंद होतात, श्रावणात विझतात आणि दिवाळीपर्यंत बॅटरी निकामी होते. घरचे म्हणतात, “सोलर काही कामाचं नाही.” मग पुन्हा चिमणी, पुन्हा टॉर्चचे सेल. देणाऱ्याचा पैसा गेला हे नुकसान मोठेच, पण पुढच्या वेळी चांगला संच नेला तरी लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत, हे त्याहून मोठे. संच गरजेपेक्षा फारच मोठा घेतला, तर त्याच पैशात दुसऱ्या घराचाही अंधार गेला असता, ही गोष्ट मागे राहते.

वॅट आणि युनिट यांतला फरक

पाड्यावरच्या झऱ्याची आठवण करा. धार किती जाड आहे ही एक गोष्ट आणि दिवसभरात किती हंडे भरले ही दुसरी गोष्ट. वॅट म्हणजे धारेची जाडी. वॅट-तास म्हणजे हंड्यांत साठलेले पाणी. नऊ वॅटचा दिवा पाच तास जळला तर ४५ वॅट-तास वीज लागली. असे १,००० वॅट-तास झाले की एक युनिट. आपल्या घरी वीजबिलावर येते तेच युनिट.

पॅनलवर लिहिलेला आकडा धारेचा असतो, तोही सर्वांत जाड धारेचा. घराची गरज मात्र हंड्यांत मोजायची असते. या दोन्हींची सांगड घालणे म्हणजेच संचाची क्षमता ठरवणे.

पॅनलवरचा आकडा कुठून येतो

पॅनलच्या पाठीमागे एक स्टिकर असतो. त्यावर ‘पीमॅक्स’ या नावापुढे, समजा, १०० वॅट लिहिलेले असते. याला ‘वॅट पीक’ म्हणतात. हा आकडा कारखान्यात ठरावीक परिस्थितीत मोजतात: दर चौरस मीटरवर १,००० वॅट इतका प्रखर प्रकाश आणि पॅनलमधील सेलचे तापमान २५ अंश. जगभर हीच पद्धत आहे, त्यामुळे दोन कंपन्यांच्या पॅनलची तुलना करता येते.

पण आपल्याकडे भर उन्हात सेल २५ अंशांवर कधी राहतो? एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काळ्या-निळ्या पॅनलचा सेल ६० अंशांच्या पुढेही तापतो. सिलिकॉनचा सेल तापला की त्याची ताकद घटते. दर अंशामागे ही घट साधारण ०.४ टक्के असते. २५ वरून ६० म्हणजे ३५ अंशांची वाढ, आणि ३५ गुणिले ०.४ म्हणजे १४ टक्के घट. म्हणून १०० वॅटचे पॅनल ऐन दुपारी ८५ वॅटच्या आसपास दाखवते. यात कुणी फसवलेले नसते. थंडीच्या स्वच्छ सकाळी तेच पॅनल जास्त चांगले काम करते.

त्याच स्टिकरवर आणखी चार आकडे असतात. १०० वॅटच्या, ३६ सेलच्या पॅनलवर ते साधारण असे दिसतात: काम करतानाचा दाब म्हणजे व्हीएमपी १८ व्होल्ट, काम करतानाचा प्रवाह म्हणजे आयएमपी ५.५ अँपिअर, काहीही न जोडता मिळणारा दाब म्हणजे व्हीओसी २२ व्होल्ट, आणि दोन तारा एकमेकींना जोडल्यावरचा प्रवाह म्हणजे आयएससी ६ अँपिअर. पडताळा सोपा आहे. व्हीएमपी गुणिले आयएमपी म्हणजे पीमॅक्स यायला हवे: १८ गुणिले ५.५ म्हणजे ९९, ठीक. हा गुणाकार जुळत नसेल तर स्टिकरवर विश्वास ठेवू नका.

स्टिकर नसेल किंवा शंका असेल तर

बाजारात बिनस्टिकरची, खोट्या स्टिकरची आणि जुनी रंगवून नवी केलेली पॅनलेही मिळतात. त्यांची परीक्षा घरातल्या मोजपट्टीने होते.

प्रखर उन्हात एक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतका प्रकाश पडतो. बाजारातली पॅनले त्यातला साधारण १५ ते २३ टक्के भाग विजेत बदलतात. जुनी पॅनले १५ टक्क्यांच्या जवळ, नवी २० च्या पुढे. म्हणजे एक चौरस मीटर पॅनलपासून १५० ते २३० वॅट. आता पॅनल मोजा. समजा, लांबी एक मीटर आणि रुंदी ६७ सेंटीमीटर आहे. क्षेत्रफळ ०.६७ चौरस मीटर. १५० ने गुणले तर १००, २३० ने गुणले तर १५४. या मापाचे पॅनल १०० ते १५० वॅटचे असू शकते. त्यावर कुणी २०० वॅट लिहिले असेल तर तो आकडा खोटा आहे, कारण त्यासाठी ३० टक्के प्रकाश विजेत बदलावा लागेल आणि तसे पॅनल दुकानात मिळत नाही.

दुसरी परीक्षा प्रवाहाची. आकाश स्वच्छ असताना दुपारी बाराच्या सुमारास पॅनल सूर्याकडे सरळ धरून जाणत्या वायरमनकडून मल्टिमीटरवर आयएससी मोजून घ्यावा. १०० वॅटच्या लहान पॅनलला पाच-सहा अँपिअर मिळाले तर पॅनल निरोगी आहे. तीन मिळाले तर ते निम्म्याच ताकदीचे आहे, मग काचेखाली कितीही चकाकत असो. ही परीक्षा एकट्या लहान पॅनलपुरतीच करावी. शहरातल्या गच्चीवर बरीच पॅनले एकामागे एक जोडलेली असतात. तिथला दाब कित्येकशे व्होल्टचा असतो आणि तो जीवघेणा आहे. तिथे हात घालू नये.

वयाचाही विचार करावा. चांगले पॅनल दरवर्षी साधारण अर्धा ते पाऊण टक्का ताकद गमावते. बऱ्याच कंपन्या २५ वर्षांनंतर ८० टक्के क्षमतेची हमी देतात. म्हणजे दहा वर्षांचे पॅनल टाकाऊ नसते, मात्र आकड्यातून पाच-सात टक्के वजा करून हिशोब धरावा.

आता एका घराचा हिशोब

पाच-सहा माणसांचे एक घर डोळ्यांसमोर आणू. कुडाच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे ओटा, बाजूला गोठा. बॅटरीवर थेट चालणारी, म्हणजे १२ व्होल्टची उपकरणे धरू.

मधल्या खोलीतला दिवा ९ वॅट, ५ तास: ४५ वॅट-तास.
चुलीजवळचा दिवा ५ वॅट, ४ तास: २० वॅट-तास.
ओटा-गोठ्याचा बारीक दिवा ३ वॅट, रात्रभर १० तास: ३० वॅट-तास.
रोज एक मोबाइल पूर्ण चार्ज: सुमारे २५ वॅट-तास.
लहान पंखा १५ वॅट, ८ तास: १२० वॅट-तास.

एकूण २४० वॅट-तास. बघा, निम्मी वीज एकटा पंखा घेतो. पंखा वगळला तर गरज १२० वॅट-तास उरते.

आता गळतीचा हिशोब. पॅनल तापते, धूळ बसते, तारेत थोडी वीज जाते, साधा चार्ज कंट्रोलर पॅनलची सगळी ताकद उचलत नाही, आणि बॅटरीत घातलेली वीज पूर्ण परत मिळत नाही. अशा साध्या संचात पॅनलच्या आकड्याप्रमाणे १०० मिळायला हवे तिथे साधारण ६० हाती लागतात. म्हणून घराच्या गरजेला ०.६ ने भागायचे. पंख्यासह २४० भागिले ०.६ म्हणजे ४००. पंख्याशिवाय १२० भागिले ०.६ म्हणजे २००.

शेवटची गोष्ट उन्हाचे तास. सूर्य बारा तास असला तरी सकाळ-संध्याकाळचे ऊन कोवळे असते. दिवसभराचे सगळे ऊन गोळा करून ‘पूर्ण प्रखर उन्हाचे तास’ काढतात. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी दिवसाला पाच तासांच्या थोडी वर येते. उन्हाळ्यात ते सहा धरता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये ते साडेतीन-चारवर येतात, आणि दरीतल्या घराला सूर्य उशिरा दिसतो, डोंगराआड लवकर जातो, म्हणून तिथे तीनच धरणे शहाणपणाचे.

मग भागाकार करू:

उन्हाळ्यात पंख्यासह: ४०० भागिले ६ म्हणजे सुमारे ६७ वॅट.
ऑक्टोबरच्या उकाड्यात पंख्यासह: ४०० भागिले ५ म्हणजे ८० वॅट.
पावसाळ्यात पंख्याशिवाय: २०० भागिले ३ म्हणजे सुमारे ६७ वॅट.

वरवर पाहता ८० वॅटचे पॅनल पुरेसे वाटते. पण अजून एक प्रश्न उरतो आणि तोच निर्णायक आहे.

झडीनंतर बॅटरी किती दिवसांत भरते?

सातपुड्यात किंवा मेळघाटात झड लागली की तीन-तीन दिवस सूर्याचे नखही दिसत नाही. त्या काळात घर बॅटरीवरच चालते. तीन रात्रींचे १२० गुणिले ३ म्हणजे ३६० वॅट-तास बॅटरीतून उपसले जातात. शिशाच्या साध्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज उपसू नये, नाहीतर तिचे आयुष्य घटते. म्हणजे बॅटरी ७२० वॅट-तासांची हवी. १२ व्होल्टने भागले की ६० अँपिअर-अवर. लिथियम फॉस्फेटची बॅटरी घेतली तर ती ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून सुमारे ३५ अँपिअर-अवरची पुरते. महाग असते, पण हलकी असते आणि अधिक वर्षे टिकते.

आता झड ओसरली, पण पावसाळा संपलेला नाही. ऊन रोज तीनच तासांचे. ८० वॅटचे पॅनल रोज किती देईल? ८० गुणिले ३ गुणिले ०.६ म्हणजे १४४ वॅट-तास. त्यातले १२० त्याच रात्री दिव्यांना लागणार. शिल्लक २४. उपसलेले ३६० भरून यायला पंधरा दिवस लागतील, आणि त्याआधीच दुसरी झड येईल. शिशाची बॅटरी अशी दिवसेंदिवस अर्धी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. अनेक संचांची बॅटरी पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात मरते त्याचे मूळ इथे आहे.

१०० वॅटचे पॅनल घेतले तर? १०० गुणिले ३ गुणिले ०.६ म्हणजे १८०. त्यातून १२० वजा केले की शिल्लक ६०. ३६० भरायला सहा दिवस. ८० आणि १०० यांत फरक फक्त २० वॅटचा, पण पंधरा दिवसांचे सहा दिवस होतात. आणखी एक पडताळा घ्या: शिशाच्या बॅटरीला तिच्या मापाच्या साधारण दहाव्या भागाइतका प्रवाह मानवतो. ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीला सहा अँपिअर. १०० वॅटचे पॅनल साडेपाच देते. जोडी जुळली.

म्हणून या घराला आमचे उत्तर: १०० वॅटचे पॅनल आणि ६० अँपिअर-अवरची बॅटरी. पंखा नको असेल आणि दिवे दोनच असतील तर उत्तर लहान होईल. टीव्ही हवा असेल तर मोठे होईल, कारण ३५ वॅटचा टीव्ही तीन तास पाहिला की १०५ वॅट-तास आणखी लागतात, म्हणजे जवळजवळ दुसरे तेवढेच पॅनल. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या सौभाग्य योजनेत तारेची वीज न पोहोचणाऱ्या दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचे पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि एक प्लग असा संच ठरवला होता. दिवे अधिक आणि देशभर सगळ्या हवामानांना एकच माप, म्हणून तो आकडा मोठा आहे. पद्धत मात्र तीच: आधी दिवे-पंखे मोजा, मग पॅनल ठरवा.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की क्षमता वर्षाच्या सरासरीवर ठरवायची नाही. ज्या महिन्यात गरज आणि ऊन यांचे सर्वांत वाईट व्यस्त पडते, त्या महिन्यावर ठरवायची. बॅटरी मोठी घेऊन पॅनल लहान ठेवणे हा तर उलटा उद्योग. मोठा हंडा आणि बारीक धार असली की हंडा कधी भरतच नाही.

“आमच्या गच्चीवरची जुनी पॅनले देऊ का?”

हा प्रश्न शहरातल्या मंडळ्यांतून बऱ्याचदा येतो आणि त्यामागची भावना मोलाची आहे. पण स्टिकरवरचा आकडा मोठा म्हणून पाड्यावर तेवढी वीज मिळेलच असे नाही.

शहरातले ३३० वॅटचे जुने पॅनल घेऊ. ७२ सेल, काम करतानाचा दाब ३७ व्होल्ट, प्रवाह सुमारे ९ अँपिअर. ते १२ व्होल्टच्या बॅटरीला साध्या चार्ज कंट्रोलरमधून जोडले तर कंट्रोलर दाब बॅटरीइतका, म्हणजे सुमारे १३ व्होल्टवर ओढून आणतो. प्रवाह मात्र नऊच राहतो. ९ गुणिले १३ म्हणजे ११७ वॅट. ३३० मधले दोनशेहून अधिक वॅट वाया. शिवाय असे पॅनल मोकळे असताना ४५ व्होल्टच्या आसपास दाब देते. स्वस्त कंट्रोलर तो सहन न होऊन जळू शकतो. एमपीपीटी नावाचा कंट्रोलर जादा दाबाचे प्रवाहात रूपांतर करतो, त्याने यातली बरीचशी वीज वाचते. म्हणून मोठे पॅनल द्यायचे असेल तर त्याच्याबरोबर त्या दाबाला चालणाऱ्या एमपीपीटी कंट्रोलरचीही तरतूद करावी.

वजनाचाही विचार हवा. हल्लीचे ५४० वॅटचे पॅनल साडेसात फूट लांब आणि सुमारे २८ किलो वजनाचे असते. ते पायवाटेने डोंगर चढवायचे आणि कौलारू छपरावर वाऱ्यापावसात टिकवायचे हे सोपे नाही. अशी पॅनले वसतिगृह, बालवाडी किंवा सभागृहाच्या पक्क्या स्लॅबवर शोभतात. पाड्यावरच्या घराला दोन माणसांनी सहज उचलावे असे लहान पॅनल बरे.

दोन पॅनले जोडायची असतील तर ती एकसारखी असावीत. ५० वॅटची दोन पॅनले कशीही जोडली तरी बेरीज १०० वॅटच होते. पण ५० आणि १०० वॅटची दोन वेगळी पॅनले एकामागे एक जोडली, तर लहान पॅनल जेवढा प्रवाह देते तेवढाच दोघांतून वाहतो. मोठ्या बैलाला लहान बैलाच्या चालीने चालावे लागते, तसे.

इन्व्हर्टरचा आकडा वेगळा

“एक किलोवॅटचा सोलर” असे कुणी म्हणाले तर लगेच विचारावे, हा आकडा पॅनलचा की इन्व्हर्टरचा? इन्व्हर्टरचा आकडा एका वेळी किती भार उचलता येईल ते सांगतो. दिवसाला किती वीज तयार होईल ते पॅनलच सांगते. १,००० वॅटचा इन्व्हर्टर आणि १५० वॅटचे पॅनल असा संच ‘एक किलोवॅट’ म्हणून विकला जाऊ शकतो, पण घरात वीज १५० वॅटच्या हिशोबानेच येणार. ५०० वॅटचा मिक्सर दहा मिनिटे चालवला तर वीज ८३ वॅट-तासच लागते, तरी इन्व्हर्टर मात्र ५०० वॅट आणि सुरू होतानाचा झटका पेलणारा हवा. केवळ दिवे, मोबाइल आणि लहान पंखा असेल तर इन्व्हर्टर नसलेलाच बरा; तेवढी गळती आणि तेवढी बिघाडाची जागा कमी.

आपल्या स्वतःच्या घरासाठी

हीच पद्धत आपल्या घरालाही लागू पडते, फक्त सोपी होते. कारण आपल्याकडे तारेची वीज असते आणि बॅटरी लागत नाही. वर्षभराची वीजबिले काढा. महिन्याची सरासरी १५० युनिट असेल तर दिवसाला पाच. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. पाच भागिले चार म्हणजे सव्वा किलोवॅट. एका किलोवॅटला सावली नसलेली सुमारे शंभर चौरस फूट गच्ची लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरवले आहे. त्यासाठी पॅनलची बेरीज आणि इन्व्हर्टर यांपैकी जो आकडा कमी, तोच संचाचा आकडा धरतात. म्हणून कोटेशनमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत.

क्षमता टिकवणे घरच्यांच्या हाती

योग्य वॅटचे पॅनल लावले तरी ते कसे लावले यावर बरेच अवलंबून असते. तोंड दक्षिणेला, उतार साधारण वीस अंशांचा. छप्पर आणि पॅनल यांत वारा खेळेल एवढी फट. पॅनलमधील सेल माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. सागाच्या एका रुंद पानाची सावली एका सेलवर पडली तरी पॅनलचा मोठा भाग अडतो. म्हणून जागा निवडताना सकाळी, दुपारी आणि दुपार कलल्यावर अशी तीन वेळा सावली पाहावी. आठवड्यातून एकदा, पॅनल थंड असताना सकाळी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावे. शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, ओढ्याचे नाही.

घरातल्या बाईला हे सगळे दाखवून देणे फार महत्त्वाचे. दिवा कधी लावायचा, पंखा कधी बंद ठेवायचा हे तीच ठरवते. “वहिनी, झड लागली की पंखा बंद आणि ओट्यावरचा बारीक दिवा चालू,” एवढे एक वाक्य तिच्या लक्षात राहिले तर बॅटरीचे आयुष्य वाढते.

देणगी देण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

पहिला: त्या घरात कोणते दिवे, किती तास लागतात, हे कुणी घरी जाऊन विचारले आहे का?
दुसरा: उन्हाचे तास पावसाळ्यातले धरले आहेत की वर्षाच्या सरासरीचे?
तिसरा: झडीनंतर बॅटरी किती दिवसांत भरेल? आठवड्याच्या आत उत्तर यायला हवे.
चौथा: स्टिकरवरचे आकडे आणि पॅनलचे माप जुळते का? मोजपट्टी लावून पाहिले आहे का?
पाचवा: तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येईल, तेव्हाचा खर्च कोण करणार?

शेवटचा प्रश्न क्षमतेचा नाही असे वाटेल, पण पॅनल वीस-पंचवीस वर्षे टिकते आणि शिशाची बॅटरी तीन-चार वर्षे. बॅटरी नसेल तर १०० वॅटच्या पॅनलची रात्रीची क्षमता शून्य आहे. काही पाड्यांवर घरटी महिन्याला थोडे पैसे बचत गटात बाजूला ठेवतात, त्यातून वेळेवर नवी बॅटरी येते. देणगीतला लहानसा वाटा अशा निधीसाठी राखून ठेवला तर दिलेला दिवा पुढच्या अनेक पावसाळ्यांत जळत राहील.

तेव्हा आपल्या मंडळीत सौर संचाचा विषय निघाला की आधी आकडा विचारू नका. कागद घ्या, त्या घरातले दिवे लिहा, तास लिहा आणि गुणाकार करा. तरुण संघातल्या मुलांना हे काम द्या. त्यांना ते आवडेल. हिशोबाचा कागद देणगीबरोबर पाठवा. आम्ही तो घरच्यांपुढे ठेवू आणि त्यांच्याकडून दुरुस्त करून घेऊ, कारण रात्री कोणता दिवा विझवून चालेल आणि कोणता नाही, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.